एक दात मागे आणि किक हलकी: कॅम टायमिंग आणि कंप्रेशनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे रविवारी गाड्या खोलून बसणाऱ्यांची एक टोळी आहे, आणि तिथे फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. बहुतेक उदाहरणं १०० सीसीच्या कम्युटर बाइकची आहेत कारण ती प्रत्येकाच्या दारात उभी असते. कारला पण हिशोब तोच, फक्त हात काळे व्हायला जास्त वेळ लागतो. नव्या माणसासाठी एवढंच: क्रँक म्हणजे पिस्टन वरखाली करणारा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि क्रँक कॅमला चेनने किंवा बेल्टने फिरवतो. ती चेन दातेरी चाकाच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, कुठल्या दातावर बसवली यावर व्हॉल्व्ह कधी उघडणार आणि बंद होणार हे ठरतं, तेच कॅम टायमिंग.

टायमिंग एक दात इकडे तिकडे झालं तर कंप्रेशन रेशो बदलतो का?

नाही. मॅन्युअलमध्ये ९:१ असं जे छापलेलं असतं ती फक्त जागेची गोष्ट आहे, पिस्टन एकदम खाली असताना वर किती जागा आणि एकदम वर असताना किती. त्यात कॅमचा, व्हॉल्व्हचा, चेनचा काहीच संबंध नाही. कॅमशाफ्ट काढून कपाटात ठेवला तरी तो रेशो ९:१ च राहणार. तो बदलायचा तर पिस्टन, हेड, गॅस्केट, स्ट्रोक यातलं काहीतरी बदलावं लागतं.

मग कंप्रेशन गेजवर (प्लगच्या भोकात लावून सिलिंडरमधला दाब मोजतात तो) आकडा कसा काय पडतो?

सायकलचा हवेचा पंप घ्या. दांडा पूर्ण वर ओढा, भोकावर अंगठा दाबा आणि मग दांडा खाली ढकला, हात थरथरेपर्यंत दाब येतो. आता दुसऱ्यांदा दांडा अर्ध्यापर्यंत खाली येऊ द्या आणि मग अंगठा दाबा. पंप तोच, लांबी तीच, पण अर्धी हवा आधीच निघून गेली, आता दाबायला उरलीय कुठे?

इंजिनात हा अंगठा म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह. पिस्टन खालून वर यायला लागला म्हणजे कंप्रेशन सुरू झालं असं आपण धरतो, पण इनटेक व्हॉल्व्ह जोपर्यंत उघडा आहे तोपर्यंत काहीच दाबलं जात नाही, आत आलेली हवा आल्या वाटेने परत कार्बमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमध्ये, जाते. व्हॉल्व्ह ज्या क्षणी सीटवर बसतो तिथून खरं कंप्रेशन चालू होतं, आणि तिथून मोजलेल्या रेशोला डायनॅमिक कंप्रेशन म्हणतात. कॅम टायमिंगने बदलतो तो हा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे हे पटलं नसेल तर खरंच घरातला पंप काढा आणि करून बघा.

एवढं आहे तर व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचल्या पोचल्या बंद का करत नाहीत?

कारण इंजिन किकच्या स्पीडला चालत नाही. ६००० आरपीएमला इनटेक पाइपातली हवा जोरात आत घुसत असते आणि पिस्टन थांबला म्हणून ती थांबत नाही. दादरला गाडी पकडताना पुढचा माणूस दारात थांबला तरी मागचा लोंढा त्याला आत ढकलतोच, तसं. त्यामुळे पिस्टन वर यायला लागला तरी काही अंशांपर्यंत हवा आत येतच राहते आणि व्हॉल्व्ह उशिरा बंद केल्याचा फायदा होतो. आयडलला किंवा किक मारताना मागे लोंढा नसतो, तेव्हा तोच उशीर तोट्याचा. कुठल्या स्पीडला हा हिशोब बरोबर बसवायचा हे डिझाइन करणारा ठरवतो, आणि आपण चेन एक दात चुकवली की त्याने ठरवलेलं आपण मोडतो.

एक दात चुकला तर नेमका किती फरक पडतो? आकड्यात सांगा.

सांगतो, पण हा माझा कागदावरचा हिशोब आहे, कुठल्याही कंपनीच्या मॅन्युअलचा आकडा नाही.

समजा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, म्हणजे ९७.२ सीसी. रेशो ९:१, म्हणजे पिस्टन वर असताना हेडमध्ये साधारण १२.१५ सीसी जागा उरते. कनेक्टिंग रॉड ९० मिमी धरू. क्रँकच्या स्प्रॉकेटला १४ दात आणि कॅमच्याला २८. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो, म्हणून दातांची संख्या दुप्पट. कॅमचा एक दात म्हणजे ३६० भागिले २८, जवळपास १२.९ अंश, आणि हेच क्रँकवर मोजलं तर दुप्पट, २५.७ अंश. लोक म्हणतात एकच दात तर आहे. एकच दात म्हणजे क्रँकचे पंचवीस अंश आहेत राव.

आता टायमिंग बरोबर असताना इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन एकदम खाली असतो ती जागा) क्रँकच्या ४० अंशांनी बंद होतो असं धरू. तोपर्यंत पिस्टन थोडा वर आलेला असतो, स्ट्रोकचा ९१ टक्के भाग उरतो आणि डायनॅमिक रेशो येतो ८.३ च्या आसपास. एक दात मागे पडला, म्हणजे रिटार्ड झाला, की व्हॉल्व्ह ६५.७ अंशांना बंद होणार. तेव्हा स्ट्रोकचा ७६ टक्केच भाग हातात असतो आणि रेशो उतरतो ७.१ वर. उलट एक दात पुढे गेला तर व्हॉल्व्ह १४ अंशांनाच बंद, जवळपास ९९ टक्के स्ट्रोक मिळतो आणि रेशो ८.९.

गेजवर याचं काय होईल? हवा दाबताना ती तापते, थोडी उष्णता भिंतीत जाते, थोडी गळते, म्हणून मी रेशोला घातांक १.२ धरून दाब काढला. बरोबर टायमिंगला साधारण १७० पीएसआय, एक दात मागे १४० च्या खाली, एक दात पुढे १८५. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, दिशा हीच असेल. आणि बघा, मागे पडल्यावर तीस उतरले पण पुढे गेल्यावर पंधराच चढले, कारण बीडीसीच्या जवळ पिस्टन फार हलतच नाही, तिथे अंश वाचवून मिळतं थोडंच.

पुढे गेलंय का मागे, चालवून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. मागे पडलेली गाडी किकला हलकी लागते, सकाळी स्टार्टिंगला त्रास देते, आयडल धड लागत नाही, खालच्या गिअरला ओढ नसते आणि कधी कधी कार्ब थुंकतं, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला पेट्रोलचा ओलावा दिसतो. वर रेव्ह केली की मात्र त्यामानाने बरी पळते. लोक याला पिकअप गेला म्हणतात आणि कार्ब खोलतात, क्लच प्लेट बदलतात.

पुढे गेलेली गाडी फसवते. किक कडक, खालून ओढ चांगली, मालक खूश. मग हायवेला वरच्या रेव्हला गुदमरते, आणि घाटात डबल सीट चढताना टकटक नॉकिंग (आतलं मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) करते कारण खालच्या रेव्हला सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो. कंप्रेशन चांगलं आहे म्हणून टायमिंग बरोबरच आहे असं समजू नका, जास्त आलेला आकडासुद्धा काहीतरी सांगत असतो. नाहीतर पिस्टनवर कार्बनचा थर बसला तरी आकडा वाढतो.

कंप्रेशन कमी आलं. रिंगा गेल्या, व्हॉल्व्ह गेला का टायमिंग? हे ओळखायचं कसं?

इथे थोडं थांबून लिहितो कारण लोकांचे पैसे इथेच जातात.

पहिली पायरी सगळ्यांना माहीत आहे, प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं आणि परत गेज लावायचा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर. वाढला नाही तर गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं, "व्हॉल्व्ह गेलेत, हेड खोलावं लागेल." आणि टायमिंग सुटलं असलं तरी ऑइलने आकडा फारसा वाढत नाही. म्हणजे ही टेस्ट व्हॉल्व्ह आणि टायमिंग यांच्यातला फरक दाखवतच नाही.

तो फरक दाखवते लीक टेस्ट. कंप्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन एकदम वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तिथे, पिस्टन आणायचा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक घट्ट धरायचा, नाहीतर हवेच्या जोराने पिस्टन खाली पळतो, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडायची. गेजवाला टेस्टर नसेल तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणि जुन्या प्लगचा बनवलेला अ‍ॅडॉप्टर चालतो, कान लावून ऐकायचं. कार्बमधून सूं सूं आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट, ऑइल टाकायच्या भोकातून आलं तर रिंगा. थोडंसं ऑइलच्या भोकातून येणारच, नव्या इंजिनातही येतं.

आणि कुठूनच विशेष हवा जात नाही, तरी गेजवर आकडा कमी? मग टायमिंग. या टेस्टला पिस्टन एका जागी थांबलेला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ते कधी बंद झाले याच्याशी तिला देणंघेणं नाही. कंप्रेशन कमी पण गळती नाही, हे दोन्ही एकत्र दिसलं की दुसरं काही उघडायच्या आधी कॅमचा मार्क बघायचा.

आमच्या इथल्या एका दूधवाल्या काकांची गाडी अशीच होती. रिंगा टाकून आणल्या तेव्हापासून किक हलकी, दोन कॅन लावले की चढावर बसायची. गॅरेजवाल्याने सांगितलं बोअर परत करावा लागेल, लायनर खराब निघाला. काका वैतागून आमच्याकडे आले. गेज लावला तर १३५, ऑइल टाकून १४०. हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढलं, मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चाक) टी या मार्कवर, म्हणजे पिस्टन एकदम वर, आणलं, तर कॅमच्या स्प्रॉकेटवरचा ठिपका हेडवरच्या खाचेच्या एक दात मागे. टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, ढिला केला, स्प्रॉकेट एक दात सरकवलं, चहा व्हायच्या आत काम झालं. परत गेज लावला तर १६५. बोअरचे पैसे वाचले म्हणून काकांनी दोन दिवस खरवस पाठवला, त्या गेजने एवढी कमाई आधी कधी केली नव्हती.

चार सिलिंडरच्या गाडीत अजून सोपं आहे. एकाच सिलिंडरचा आकडा पडला तर त्या सिलिंडरचा दोष, शेजारशेजारच्या दोघांचा पडला तर हेड गॅस्केटवर संशय, आणि चारही सारखेच आणि सारख्याच प्रमाणात पडले तर चारही रिंगा एका रात्रीत झिजल्या असं मानण्यापेक्षा बेल्टचा मार्क आधी बघावा.

टेस्ट करताना काय चुका होतात?

थ्रॉटल बंद ठेवून टेस्ट करणं, ही सगळ्यात मोठी. थ्रॉटल पूर्ण उघडा पाहिजे, नाहीतर हवा आत येणारच नाही. इंजिन गरम पाहिजे. काटा वाढायचा थांबेपर्यंत किक मारायची, पाच सात तरी. सेल्फने करत असाल तर बॅटरी भरलेली पाहिजे. प्लग कॅप लटकत ठेवू नका, प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा म्हणजे सीडीआयला (स्पार्क देणारा डबा) त्रास नाही. आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या स्क्रूमधली फट, आधी तपासा, टेस्टनंतर नाही.

टॅपेटने पण कंप्रेशन बदलतं?

बदलतं. टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो, म्हणजे थोडं रिटार्ड केल्यासारखं, आणि फारच टाइट असेल तर सीटवर बसतच नाही, मग कंप्रेशन तर जातंच वर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. ढिला टॅपेट उलट, व्हॉल्व्ह लवकर बंद होतो, आकडा किंचित चांगला दिसतो आणि कटकट आवाज येतो. आवाज येणारा टॅपेट परवडला, न येणारा नको, असं जुने फिटर म्हणतात ते यासाठीच. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह सीट झिजून गॅप आपोआप कमी होत जातो, तिथे आवाज येत नाही म्हणून निवांत बसू नका.

मॅग्नेटवर टी आणि एफ दोन मार्क आहेत, कुठला धरायचा?

टी. टी म्हणजे पिस्टन एकदम वर. एफ हा स्पार्क पडायचा मार्क, तो टी च्या थोडा आधी येतो. ही चूक फार होते, कारण छोट्या खिडकीतून जो मार्क आधी दिसतो तो माणूस धरतो. समजा एफ टी च्या १५ अंश आधी आहे. क्रँक एफ वर असताना कॅमचा ठिपका खाचेच्या साडेसात अंश अलीकडे असायला हवा, तेव्हा टायमिंग बरोबर. पण आपल्याला तो खाचेवर हवा असतो, मग एक दात पुढे टाकला की ठिपका खाचेच्या पाच साडेपाच अंश पलीकडे जातो, हे जास्त जवळ दिसतं, "बसलं बसलं" म्हणून बोल्ट आवळले जातात आणि गाडी एक दात अ‍ॅडव्हान्स होऊन बाहेर पडते. ठिपका खाचेवर बरोब्बर येत नसेल, अर्धा दात इकडे किंवा तिकडे राहत असेल, तर स्प्रॉकेटला दोष देऊ नका, खाली कुठला मार्क धरलाय ते परत बघा.

टायमिंग मारताना कंप्रेशन स्ट्रोक शोधावा लागतो का?

चेन बसवताना नाही. क्रँक टी वर आणि कॅमचा मार्क त्याच्या जागेवर, झालं. क्रँकला कुठला स्ट्रोक आहे हे माहीत नसतं, ते कॅम ठरवतो. मॅग्नेटवाल्या बाइकमध्ये स्पार्क दर फेऱ्याला पडतो त्यामुळे तोही प्रश्न नाही. टॅपेट सेट करताना मात्र कंप्रेशनचाच टीडीसी लागतो, दोन्ही टॅपेट हाताने हलले पाहिजेत.

चेन लांबली तर?

चेन ताणली गेली की कॅम मागे पडतो, कायम मागेच. क्रँक चेनच्या ज्या बाजूने कॅमला ओढतो ती बाजू लांब झाली की कॅमला निरोप उशिरा पोचतो. टेन्शनर दुसऱ्या, ढिल्या बाजूला असतो, तो आवाज बंद करतो पण हा उशीर भरून काढत नाही. किती? २८ दातांच्या स्प्रॉकेटवर ६.३५ मिमी पिचची चेन असेल तर ओढणारी बाजू १ मिमीने लांबली की क्रँकचे ४ अंश गेले. दात सुटल्याइतकं नाही, पण गाडी जुनी झाली म्हणून जी मरगळ आपण सहन करतो त्यातला काही वाटा याचा असतो, आणि नुसती चेन टाकल्यावर गाडी हलकी चालते असं लोक सांगतात ते मनाचे खेळ नाहीत.

हेड फेसिंग केलं की कंप्रेशन वाढतं ना?

रेशो वाढतो. आमच्या वरच्याच उदाहरणात हेड ०.५ मिमी घासलं तर जागा फार तर १ सीसीने कमी होते आणि रेशो ९ वरून ९.७ कडे जातो. पण कॅम हेडमध्ये असेल तर हेड खाली आलं, म्हणजे कॅम क्रँकच्या जवळ आला, ओढणाऱ्या बाजूला चेन तेवढी जास्त झाली, आणि कॅम २ अंश मागे पडला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने थोडं काढून घेतलं. ०.२ मिमी फेसिंगला काही कळत नाही, कारच्या वाकलेल्या हेडला जास्त मारावं लागलं तर विचार करा. पुशरॉडच्या इंजिनाला हा भाग लागू नाही कारण कॅम खाली क्रँककेसमध्ये असतो, तिथे पुशरॉडची लांबी आणि टॅपेट बघायचं.

ओव्हरलॅपमुळे कंप्रेशन जातं असं वाचलं.

ओव्हरलॅप म्हणजे एक्झॉस्ट संपताना आणि इनटेक सुरू होताना दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात तो काळ. कंप्रेशन स्ट्रोक त्यानंतर एक आख्खा स्ट्रोक उलटल्यावर येतो. ज्या कॅममध्ये ओव्हरलॅप जास्त असतो त्यात इनटेक व्हॉल्व्ह बंदही उशिरा होतो, आकडा पडतो त्या उशिरामुळे, आणि नाव मात्र ओव्हरलॅपचं होतं. आयडल खराब होण्याचं खापर त्याच्यावर फोडा, ते खरं आहे.

रेसिंग कॅम टाकला, गाडी आधीपेक्षा मंद झाली. फसवलं का मला?

बहुतेक नाही. लांब ड्युरेशनचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो आणि उशिरा बंद करतो, त्यामुळे खालचं डायनॅमिक कंप्रेशन पडतं. म्हणून असा कॅम टाकणारे सोबत जास्त रेशोचा पिस्टन टाकतात. नुसता कॅम टाकून शहरात ४००० आरपीएमला चालवायची तर स्टॉक कॅमच बरा. त्यातून टाकलाच असेल तर स्प्रॉकेटची भोकं लांबट करून तो दोनचार अंश अ‍ॅडव्हान्स बसवता येतो, पण हे क्रँकवर डिग्री व्हील, म्हणजे मोठा कोनमापकच, लावून आणि व्हॉल्व्हवर डायल गेज ठेवून करायचं काम आहे. अंदाजाने नको, कारण अ‍ॅडव्हान्स केला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो आणि रिटार्ड केला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

इग्निशन टायमिंग पुढे केलं तर कंप्रेशन वाढेल?

नाही. गेज लावताना स्पार्कच नसतो. टायमिंग हा एक शब्द तीन गोष्टींना वापरतात, स्पार्कचं, व्हॉल्व्हचं आणि डिझेलच्या पंपाचं, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक मात्र आहे, ज्या जुन्या कारमध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो तिथे बेल्ट एक दात चुकला की स्पार्कपण सोबत सरकतो. मग कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून गाडी चालती करतो आणि खरा आजार आत तसाच राहतो.

माझ्या गाडीचं गेजवर ७०-८० च येतं, पण पळते मस्त. गेज खराब आहे?

ऑटो डिकॉम्प्रेसर आहे का बघा. सेल्फला ताण नको म्हणून कॅमवर एक छोटं वजन असतं, ते हळू फिरताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतं आणि इंजिन सुरू झालं की बाजूला होतं. अशा गाडीत साध्या टेस्टचा आकडा कमीच येणार, मॅन्युअलमधल्या आकड्याशीच तुलना करायची, शेजारच्या गाडीशी नाही.

यावरून जुन्या बुलेटचं आठवलं. तिची किक पाय मोडते म्हणून तिचं कंप्रेशन जबरदस्त असं सगळे म्हणतात. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चा रेशो ६.५:१ होता, आपल्या कम्युटरपेक्षा कितीतरी कमी! पण बोअर ७० मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ ५० मिमीवाल्याच्या जवळपास दुप्पट, आणि हवा ३४६ सीसीची. पायाला लागतो तो रेशो नाही, दाब गुणिले क्षेत्रफळ लागतं.

व्हीव्हीटी (चालत्या गाडीत व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हे सगळं लागू आहे का?

आहे, फक्त तिथे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, स्वतः कॅम पुढेमागे करतो. खालच्या रेव्हला इनटेक लवकर बंद, वरच्या रेव्हला उशिरा, म्हणजे स्थिर कॅममध्ये जी तडजोड करावी लागते ती टळते. यामाहाच्या १५५ सीसी आर १५ मधलं व्हीव्हीए ७४०० आरपीएमला इनटेक कॅमचा उंचवटाच बदलतं, विचार तोच, पद्धत वेगळी.

आणि काही इंजिनं मुद्दाम उशीर करतात. १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रिअसच्या १.५ लिटर इंजिनाचा रेशो १३:१ च्या घरात, पण इनटेक व्हॉल्व्ह इतका उशिरा बंद होतो की खरं कंप्रेशन त्यापेक्षा बरंच कमी राहतं, नॉकिंग होत नाही, आणि स्फोटानंतर पसरायला मात्र पूर्ण स्ट्रोक मिळतो. दाबायचं कमी, पसरू द्यायचं जास्त, याला अ‍ॅटकिन्सन सायकल म्हणतात. खालची ओढ कमी पडते ती इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. आपल्या बाइकला मोटर नाही, त्यामुळे एक दात मागे पडलेल्या बाइकला अ‍ॅव्हरेज वाढेल अशी आशा ठेवू नका (हा प्रश्न खरंच आलेला आहे).

डबल कॅमच्या गाडीत एकच कॅम चुकला तर?

इनटेक चुकला तर वर लिहिलेलं सगळं तसंच. एक्झॉस्ट एक दात चुकला तर कंप्रेशनचा आकडा जवळपास तोच राहतो, पण गाडी गरम होते, आवाज बदलतो, ताकद जाते. म्हणजे आकडा चांगला आला तरी दोन्ही मार्क बघायचे.

लेहला आकडा कमी आला, इंजिन खराब झालं का?

हवा विरळ आहे, आत येतेच कमी. जी गाडी रत्नागिरीत १७० दाखवेल ती महाबळेश्वरला १४५ आणि लेहला ११० च्या आसपास दाखवणार, टायमिंगला हातही न लावता. घरी परत येऊन टेस्ट करा, तिथल्या तिथे हेड उघडून बसू नका.

स्वतः चेन बसवली तर पहिली किक मारायच्या आधी काय करायचं?

किक मारायचीच नाही. प्लग काढून ठेवा, मॅग्नेटच्या नटवर पाना लावून क्रँक हाताने, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्ये कुठे टक्क करून अडलं तर जोर लावू नका, तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो आणि हाताने टेकला तर नुसता अडतो, किकने टेकला तर वाकतो. दोन फेरे नीट झाले, टेन्शनर बसलाय, तर परत टी वर आणून कॅमचा ठिपका बघा. फिरायच्या दिशेने तो खाचेपर्यंत पोचलेला नसेल तर टायमिंग मागे आहे, ओलांडून गेला असेल तर पुढे. टेन्शनर लावायच्या आधी जुळलेला मार्क लावल्यावर सरकतो, म्हणून शेवटचं बघणं टेन्शनर बसवल्यानंतरचं. मग प्लगच्या जागी गेज लावा आणि आलेला आकडा टाकीच्या खाली मार्करने तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागणार आहे.